थोरला तळ : एका कल्पित शहराच्या पेठा, वेशी आणि बावड्या

बाड्यामागची

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांपासून मनात वसत आलेलं एक शहर आज तुमच्यापुढे मांडतेय. कादंबरी याच शहरात घडणार आहे, पण आज कथा नको, फक्त शहर. कुठली पेठ कुठे वसली, कुठली वास्तू कुठे उभी राहिली आणि का, एवढंच. ग्वाल्हेरच्या मराठी माणसांकडूनच मला हे तपासून हवंय, कारण या शहराचं बीज आपल्या लष्करात, म्हणजे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आहे.

१८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला आणि तो तळ उठलाच नाही. राहुट्यांच्या जागी वाडे आले, बाजारबुणग्यांच्या पालांच्या जागी बाजार आले. आजही आपले पत्ते कंपू, जिनसी, हुजरात, खासगी बाजार, शिंद्यांची छावणी, चिटणीसांची गोठ असेच आहेत. फौज जशी उतरली होती तशीच तिची मांडणी राहिली आणि तिचंच शहर झालं. कल्पित नगरांत मला नेहमी एक उणीव जाणवते. जादूगारांची पेठ असते, चोरांची असते, व्यापाऱ्यांची असते, पण ती माणसं तिथेच का राहिली हे कुणी सांगत नाही. म्हणून मी तळापासून सुरुवात केली.

शहराचं नाव थोरला तळ. दुष्काळात एक फौज एका उघड्या डोंगराखाली थांबते. डोंगराच्या पायथ्याला नळीसारख्या अरुंद, उभ्या बावड्या आहेत. पाणी इतकं खोल की दोर पुरत नाही. रात्री बुणग्यांतली एक बाई काठावर बसून लेकराला निजवण्यासाठी गुणगुणते आणि पाणी वर चढतं. नेमका सूर लागला की पाणी येतं, सूर सुटला की खाली जातं. या शहरातलं अद्भुत एवढंच. दुसरी जादू मी येऊ देणार नाही. बाकी सगळं या एका नियमातून निघालं पाहिजे.

त्यातून निघालेल्या पेठा अशा. बावड्यांना खेटून पाणक्ये आळी. इथे गाऊन पाणी काढणारी घराणी राहतात. त्यांची घरं बैठी आहेत, भिंती जाड, आणि दारांना कड्या नाहीत, चामड्याचे पट्टे आहेत, कारण कडीचा आवाज बावडीपर्यंत जातो. आळीत लग्न असलं तर वाजंत्री नसते, पाहुणे फुलं उधळतात. लहान मुलं दंगा करायला आळीबाहेरच्या मैदानात जातात. त्या मैदानाला ओरडमाळ म्हणतात आणि शहरातली सगळी मुलं तिथेच एकमेकांना ओळखायला लागतात. माझी नायिका आणि तिचा वैरी इथेच भेटतात.

त्याच्या वर, चढावर हुजूरपेठ, म्हणजे सेनापतीच्या खास लोकांची वस्ती. पलीकडे पागा, उत्तरेला. तोफखान्याची जिनसी सगळ्यात लांब, नदीपलीकडे. आणि मधल्या उतारावर, कुणी आखून न दिलेली बुणगेवाडी.

वास्तूंपैकी एकच आज सांगते, माझी सगळ्यात लाडकी. मुका नगारखाना. फौज स्थिरावल्यावर वेशीवर रीतीप्रमाणे नगारखाना बांधला. पहिल्या पहाटे नगारा झडला आणि वेशीजवळच्या तीन बावड्या एकदम उसळल्या, खालची पालं वाहून गेली. तेव्हापासून नगाऱ्याचं कातडं काढलंय. नगारजी मात्र पिढ्यान्‌पिढ्या नेमलेला आहे. तो रोज पहाटे वर चढतो, उघड्या भांड्यावर हात ठेवतो आणि उतरतो. पगार चालू आहे.

नकाशा कागदावर आहे, पण अजून पक्का नाही. हात राखून बोलू नका.

जिनसी_नाका

ताई, मुका नगारखाना फार आवडला. नियम एकच ठेवलात हे उत्तम. पण तुम्ही जिनसी नदीपलीकडे नेऊन मोकळ्या झालात, तसं चालणार नाही. तोफा ओतणारे गेले, मान्य. तांबटांचं काय? लोहार, पाथरवट, सुतार, पिंजारी, सोनारसुद्धा ठोकतोच. या शहरात कुठली जात कुठे राहणार हे सोवळ्याओवळ्यानं ठरणार नाही, तिच्या धंद्याच्या आवाजानं ठरणार. नुसत्या त्या एका गोष्टीनं तुमचा अख्खा नकाशा बदलतो. सोनाराचा हातोडा बारीक, तो आत राहील. तांबट श्रीमंत असला तरी बाहेर. शिंपी, चित्रकार, गंधी, कारकून हे बावडीच्या शेजारी. मग पैसा बाहेरच्या पेठांत आणि मान आतल्या पेठांत, अशी ओढाताण सुरू होईल. मला त्या तांबट पेठेत राहायला आवडेल. तिथे वरात वाजतगाजत निघते.

बाड्यामागची

हे फार मोलाचं आहे. तांबट पेठ जिनसीच्या अलीकडे, नदीच्या वळणावर टाकते. आणि आतल्या पेठांतली श्रीमंत घरं मुलांची लग्नं लावायला तांबट पेठेत जागा भाड्याने घेतात. तिथे एक लांबलचक वरातीचा रस्ता होईल, दोन्ही बाजूंना फक्त मांडव आणि हलवाई.

उरवाई_घाटी

मी पाण्याच्या कामात नोकरी केलेला माणूस आहे, त्यामुळे माझं लक्ष पाण्याकडेच जाणार. बेटा, पाणी वर चढतं हे ठीक. पण ते येतं कुठून? एका बावडीत चढलं तर कुठेतरी उतरलं पाहिजे.

आपल्याच किल्ल्याकडे बघ. शंभरेक मीटर उंच पठार, वर नदी नाही, तरी शतकानुशतकं तिथे माणसं राहिली. कशावर? सूरजकुंड, जौहरकुंड, एकखंबा ताल, राणीताल, चेरीताल. पावसाचं पाणी धरून ठेवलं म्हणून. किल्ल्याची जन्मकथासुद्धा पाण्याचीच आहे. ग्वालिप साधूने कुंडाचं पाणी दिलं आणि सूरजसेनाचं कुष्ठ गेलं. खाली गूजरी महाल आहे, त्याचीही कथा तीच. मानसिंग तोमराला राणीने अट घातली की माझ्या राई गावचं पाणी मला महालात हवं. राजवाड्याची जागा नवऱ्याने नाही, पाण्याने ठरवली.

म्हणून माझी सूचना अशी. सगळ्या बावड्या जमिनीखाली एकमेकींना जोडलेल्या ठेव. हुजूरपेठेत पाणी चढलं की बुणगेवाडीत उतरतं. मग तुला खलनायक वेगळा शोधावा लागणार नाही. कुणी किती वेळ गायचं, याचं वेळापत्रक कुणाच्या हातात, त्यावरच शहर चालेल आणि त्यावरच पेटेल.

दुसरं, उसळलेल्या बावडीचं पाणी कुठे जाणार? सांडवा हवाच. विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये खडकवासल्याला आपोआप उघडणारी दारं बसवली आणि पुढे तीच आपल्या तिघरा धरणाला आली. पाणी ठराविक पातळीला आलं की दार स्वतः उघडतं, माणूस लागत नाही. तुझ्या शहरात अशी वास्तू नसेल तर दर पावसाळ्यात, दर गडगडाटाला, पाणक्ये आळी वाहून जाईल.

बाड्यामागची

काका, जोडलेल्या बावड्या घेतल्या. हुजूरपेठ पहाटे गाते आणि बुणगेवाडीला दुपार येते, असं ठेवते. सांडव्यासाठी नदीकाठी गाजदरवाजा बांधते. ढग गडगडला की तो आपोआप उघडतो आणि पाणी थेट नदीत जातं. पावसाळ्यात लोक तिथे बघायला गर्दी करतात.

चिंचेची_पानं

वाचतेय. बुणगेवाडीबद्दल अजून लिहा ना.

तंबोरा_जवारी

मी गाणं शिकवतो. या धाग्यावर गप्प राहणं मला शक्य नाही.

आपण ज्या गावात राहतो तिथे ख्याल गाणारे हद्दू-हस्सू खाँसाहेब होऊन गेले, १९१८ मध्ये भातखंड्यांनी माधव संगीत महाविद्यालय उभं केलं, तानसेनाच्या समाधीवरच्या चिंचेची पानं गळा सुधारावा म्हणून गायक आजही तोंडात टाकतात. अशा गावातल्या लेखिकेने 'नेमका सूर' एवढ्यावर थांबू नये. सूर कुठला, हे सांगितलं पाहिजे. आणि ते गणिताने सांगता येतं.

अरुंद बावडी म्हणजे खालून बंद, वरून उघडी नळी. तिचा स्वतःचा सूर तिच्यातल्या हवेच्या उंचीवर ठरतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, त्याला हवेच्या उंचीच्या चौपटीने भागायचं. पाणी काठापासून दहा मीटर खाली असेल तर मूळ सूर साडेआठ हर्ट्‌झ. तो कानाला ऐकूच येत नाही, कारण आपला कान वीसच्या आसपास सुरू होतो. पण त्या नळीत त्याचे विषमपटीचे सूरही घुमतात, तिप्पट, पाचपट, असे. अकरापट घेतला तर साडेत्र्याण्णव, म्हणजे पुरुषाचा खर्ज, खालचा सूर. तिथून पकडता येईल.

आता खरी गंमत पुढे आहे. पाणी जसजसं चढतं तसतशी हवा आखूड होते आणि सूर वर सरकतो. नळाखाली घागर भरताना आवाज चढत जातो, तसाच. म्हणजे पाणक्याला एका सुरावर उभं राहून चालणारच नाही. त्याला पाण्याच्या वेगाने मींड घेत, म्हणजे सूर सरकवत वर जायचंय, कुठेही न तुटता. एक मीटर उरलं की ८५ हर्ट्‌झ, अर्धा मीटर उरलं की १७०. मींड तुटली की पाणी कोसळलं. हा रियाज आयुष्यभराचा आहे, आणि म्हणूनच त्याची घराणी होतात.

अजून एक बघा. तार षड्‌ज म्हणजे वरच्या सप्तकातला सा. पेटीच्या काळी एक पट्टीमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा तार षड्‌ज साधारण २७७ हर्ट्‌झ. तिथे पाणी काठाखाली एकतीस सेंटीमीटरवर थांबतं. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईचा तार षड्‌ज ४१५. ती पाणी वीस सेंटीमीटरपर्यंत आणते. बावडीची पन्हळ जर काठाखाली पंचवीस सेंटीमीटरवर असेल, तर षड्‌जावर थांबणाऱ्या पुरुषाचं पाणी पन्हळीला लागतच नाही.

सासर_लष्कर

तंबोरा सर, तुमचा प्रतिसाद वाचून मी उठून फेऱ्या मारल्या.

मी लग्न होऊन इथे आले, त्यामुळे या गल्ल्यांची नावं मला शिकावी लागली. शिंदे, चिटणीस, फालके, पाटणकर, मामा. सगळी फौजेतल्या पुरुषांची. मला तर वाटतं थोरल्या तळातही अधिकृत नावं अशीच असणार. पाणक्ये आळीतल्या घराण्यांना पुरुषांची नावं, उस्ताद पुरुष, सनदा पुरुषांच्या नावे. खर्जापासून पाणी उचलायचं काम त्यांचं, लोक काठावर बसून दाद देतात ती त्यांना. आणि शेवटची दहा सेंटीमीटर, जिथून पाणी खरोखर पन्हळीत पडतं, ती पडद्याआडून एक बाई गाते. सगळ्या शहराला माहीत आहे, पण कागदावर कुठे नाही. मूळची ती गुणगुणणारी बाई बुणग्यांतली होती ना? तिच्या लेकी आज त्या पडद्याआड आहेत.

ताई, तुमची नायिका मला दिसायला लागली. आणि पेठांना बायकांची वेगळी नावं द्या. बायका पत्ता सांगताना सरदाराचं नाव घेत नाहीत, पन्हळीचं घेतील. 'संथ पन्हळीपाशी', 'दोन धारांच्या खाली', 'कडू पाण्याच्या वळणावर'. त्यांच्या तोंडी शहराचा नकाशाच निराळा असेल.

बाड्यामागची

काय बोलू. कादंबरीचा कणा तुम्ही दोघांनी मिळून दिलात. नायिका हुजूरपेठेच्या मोठ्या बावडीवर पडद्याआड गाणारी असेल. आणि दोन नकाशे करते. एक दफ्तरातला, पेठांच्या नावांचा. दुसरा पन्हळींचा, जो फक्त तोंडी आहे. कादंबरीत दुसऱ्या नकाशावरून चालणारी माणसं पहिल्या नकाशावरच्या शिपायांना सापडत नाहीत.

चिंचेची_पानं, तुम्ही विचारलंत म्हणून बुणगेवाडी. फौजेबरोबर चालणारे तेली, न्हावी, भिस्ती, परटिणी, खेळणेवाले, गोंधळी, जखमी म्हणून मागे राहिलेले शिपाई, त्यांच्या विधवा. त्यांना जागा वाटून दिली नव्हती, त्यामुळे त्यांच्या गल्ल्या पावलांनी पडल्या. सगळ्या गल्ल्या उताराने एकाच बावडीकडे येतात, तिला दुपारबाव म्हणायचं. तिथे गाणारं घराणं नाही. वाडीतलं कुणीही गाऊ शकतं, दहा-बाराजणी मिळून गातात, एकीचा दम संपला की दुसरी सूर उचलते, त्यामुळे मींड तुटत नाही. पाणी कमी मिळतं, पण ते कधी कोसळत नाही. दुपारबावेच्या काठाच्या दगडावर टेकून टेकून कोपरांचे खळगे पडलेत. वाडीत मूल झालं की बाराव्या दिवशी त्याला तिथे नेऊन पहिला आवाज काढायला लावतात. रडलं तरी चालतं.

मोरार_पूल

सगळे लष्करवाले जमलात, म्हणून दुसऱ्या बाजूचं बोलतो. ग्वाल्हेर हे एक गाव नाही, तीन आहेत. किल्ल्याखालचं जुनं ग्वाल्हेर फौज यायच्या आधीपासून होतं, दक्षिणेला लष्कर, पूर्वेला इंग्रजांची मोरार छावणी. थोरल्या तळात फौज येण्याआधी कुणीच नव्हतं का? त्या बावड्या कुणीतरी खोदल्याच असतील ना. त्यांचे वंशज डोंगराच्या दुसऱ्या अंगाला असावेत, जुन्या गावात. आणि ते गाणं न गाता पाणी काढत असावेत, किंवा ते पाणी मुद्दाम वर आणत नसावेत. त्यांना काहीतरी ठाऊक आहे जे तळातल्यांना नाही.

आणि मोरार म्हणजे परकी छावणी. तिथे बँड असतो. रोज संध्याकाळी पितळी वाद्यं वाजतात आणि तळातल्या बावड्या त्या वेळी हलतात. वेगळं युद्ध लागतच नाही. बँडची वेळ बदलली की शहर तहानलं.

जिनसी_नाका

मोरार_पूल यांना अनुमोदन. पितळेवरून आठवलं, देवळांच्या घंटांचंही ठरवा. घंटेचा सूर बदलत नाही, त्यामुळे एखादी घंटा एखाद्या बावडीला नेमकी लागू शकते. प्रत्येक घंटा ओतल्यावर पाणक्यांपुढे वाजवून परवाना घ्यायचा, आणि सूर जुळला तर कानस लावून तिचा सूर उतरवायचा. तांबट पेठेच्या तोंडाशी एक घंटापारख चौथरा असू द्या. नापास झालेल्या घंटा तिथे ओळीने टांगलेल्या, लोलक काढून. मुक्या नगारखान्याला ती चांगली जोड होईल.

उरवाई_घाटी

वास्तूंचं म्हणाल तर मला दोन गोष्टी सुचवायच्या आहेत.

किल्ल्यावर चतुर्भुज मंदिरात ८७६ सालचा लेख आहे. शून्याचा आकडा त्यात आहे म्हणून जगभरचे लोक येऊन बघतात. पण त्या लेखात शून्य कशासाठी आलंय? देवाच्या फुलांच्या बागेचं माप आहे, २७० हात आणि १८७ हात, आणि रोज पन्नास हार द्यायचे आहेत. हिशेब आहे तो. शहर असं लिहिलेल्या हक्कांवर उभं असतं. तुझ्या प्रत्येक बावडीवर शिलालेख असू दे. अमक्या पेठेला रोज इतक्या घागरी, अमक्या देवळाला इतक्या, वाटसरूला एक. कादंबरीत कुणीतरी रात्री जाऊन एक आकडा छिन्नीने बदलतं, आणि छिन्नीच्या आवाजाने पाणी चढून तो पकडला जातो.

दुसरी गोष्ट. मोठी वास्तू लोकांना लक्षात राहते ती तिच्या पारखीच्या कथेमुळे. शिंद्यांचा जयविलास राजवाडा १८७४ चा. दरबार हॉलमध्ये साडेतीन-साडेतीन टनांची दोन झुंबरं आहेत. त्यांच्याआधी छत तोलेल का ते बघायला वर हत्ती चढवले, हे आपल्याकडे पोरासोरालाही माहीत आहे. गाजदरवाज्याचीही अशी पारख सांग. तो कुणाच्या आवाजाने पहिल्यांदा उघडला?

बाड्यामागची

काका, छिन्नीचा प्रसंग तसाच्या तसा घेणार. गाजदरवाजा पहिल्यांदा उघडला तो जुन्या गावातल्या एका म्हाताऱ्याच्या हाकेने. त्याची म्हैस पलीकडे चुकली होती आणि तो तिला हाक मारत होता. कारागिरांनी महिनाभर तोफा उडवून पाहिल्या होत्या, दार हललं नव्हतं. त्यामुळे जुन्या गावाला हे बांधकाम आतून कळतं, हे शहराला पहिल्यांदा उमगलं. मोरार_पूल, तुमचं जुनं गाव इथे बसलं. त्यांना ठाऊक असलेली गोष्ट मी इथे सांगत नाही, ती शेवटच्या भागात येईल.

तंबोरा_जवारी

म्हशीच्या हाकेचा सूर चढता असतो, शेवटाला वर ओढलेला. अगदी बरोबर बसतो.

सासर_लष्कर

जत्रेचं राहिलं. आपल्या ग्वाल्हेरच्या मेळ्यासारखं काही हवंच. १९०५ पासून थंडीत भरतोय, गावाचं वर्ष त्याच्याभोवती फिरतं. पण थोरल्या तळात पाळणे, पिपाण्या, भोंगे हे सगळं कुठे करणार?

बाड्यामागची

पौषात बावड्यांना विसावा देतात. एक पंधरवडा कुणी गात नाही, साठवलेलं पाणी मोजून वापरतात. आवाजाची मुभा मिळावी म्हणून त्या दिवसांत सगळ्या बावड्यांच्या तोंडांवर गाद्या आणि फळ्या दडपतात. बायका आदल्या आठवड्यात त्या गाद्या शिवतात. तेवढ्या पंधरवड्यात तांबट पेठेतले लोक हुजूरपेठेत येऊन वाजवू शकतात, आणि ओरडमाळावर जत्रा भरते. मुका नगारखानाही तेव्हा उघडा ठेवायचा की नाही, यावर मी अजून अडले आहे. कातडं चढवून नगारा वाजू द्यावा का?

जिनसी_नाका

नको. नगारजीच्या घरात ती कला आता उरलेली नाही. तांबट पेठेतल्या एखाद्या पोराला ती येत असू दे, आणि तो दरवर्षी अर्ज करत असू दे.

बाड्यामागची

ठरलं. तो पोरगा म्हणजेच ओरडमाळावरचा वैरी. रविवारी पन्हळींचा नकाशा टाकते. बुणगेवाडीतल्या वळणांना नावं कमी पडताहेत, सुचतील तशी इथेच लिहा.

चिंचेची_पानं

'ओल्या पायरीचं वळण', 'आजीच्या खोकल्याची गल्ली', 'जिथे पाणी थांबतं'.